अकरा दसरे धुतलेली गाडी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी खुशाल मुनेश्वर गाडीखाली उताणा पडून होता. डावा हात क्लचच्या काट्यावर, उजव्या हातात टॉर्च. गाडीत बसलेल्या माणसाला तो आळीपाळीने दोनच शब्द सांगत होता.

"दाबा."

वर पेडल दाबलं गेलं की काटा बोटभर सरकत होता.

"सोडा."

काटा जागेवर येत होता. म्हणजे पेडलपासून काट्यापर्यंत सगळं ठीक होतं. दोष त्याच्या पुढे होता. क्लचची प्लेट इंजिनच्या फिरत्या चाकाला गंजाने चिकटली होती आणि पेडल कितीही दाबलं तरी सुटत नव्हती. इंजिन दुपारीच चालू झालं होतं. पण चालू इंजिनवर गिअर टाकू गेलं की नुसती करकर होत होती.

तारीख १४ डिसेंबर १९९४, बुधवार, खुशालच्या साप्ताहिक सुटीचा दिवस. तो आंध्रातल्या भैंशाच्या सरकारी बस डेपोत मेकॅनिक आहे, वय एकोणचाळीस. गाडी बोरगव्हाणच्या उद्धवराव पाटलांची, १९६८ सालची पांढरी अँबॅसिडर. अकरा वर्षं ती कापसाच्या गोदामात उभी होती. पेडलवर पाय होता तो पाटलांच्या मुलाचा, पांडुरंगरावांचा. शुक्रवारी पांडुरंगरावांच्या मुलाचं लग्न धर्माबादला लागणार होतं, आणि नवरदेव घरच्या मोटारीतून येईल असा शब्द उद्धवरावांनी व्याह्यांना दिला होता. भैंशाचे दोन मेकॅनिक गाडी पाहून गेले. दोघांनी सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, चार दिवस धरा. न उतरवता चिकटलेला क्लच सोडवणारा या भागात एकच माणूस आहे, हेही दोघांनी सांगितलं. पांडुरंगराव मोटारसायकल काढून डेपोत गेले.

"खुशालभाऊ, घरचंच काम समजा," ते म्हणाले होते. अकरा वर्षांपूर्वी ते त्याला खुशाल्या म्हणत.

खुशाल सरपटत बाहेर आला, चिंधीने हात पुसू लागला.

"गाडी धूत होते का कधी?"

"म्हणजे काय! दर दसऱ्याले. पूजा एक वर्स चुकली नाही."

"कशानं धूत होते?"

"विहिरीवरच्या मोटारीचा पाइप लावून. खालून, वरून, इंजन गिंजन, सगळं चकाचक."

"मंग चालू करत होते?"

"पूजेले काय चालू करा लागते? हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवले. हा देवाजी अन् एक गडी चार पावलं ढकलत होते. लिंबं फुटले की झालं."

"अकरा दसरे," खुशाल म्हणाला. "अकरा डाव क्लचले पाणी पाजलं तुमी. अन् वरून हार घातला."

दारात उभा असलेला देवाजी, पाटलांचा सालदार, फिसकन हसला आणि पांडुरंगरावांनी मान वळवताच गोदामाच्या छपराकडे पाहू लागला.

१९८३ साली खुशाल याच गाडीचा ड्रायव्हर होता. त्याची आई मनकर्णा पाटलांच्याच शेतात कापूस वेचायला जाई. नोव्हेंबरातल्या एका सोमवारी भैंशाच्या बाजारातून परतताना पांडुरंगरावांनी त्याच्याकडून स्टिअरिंग घेतलं. ते गाडी चालवताना डावा पाय सतत क्लचवर ठेवत, बाकाखालच्या पाटावर ठेवावा तसा. खुशालने दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं. बोरगव्हाण फाट्यावर जळका वास सुटला आणि गाडी थांबली. इंजिन गर्जत होतं, चाकं हलत नव्हती. पाचच मिनिटांनी मागच्या बसमधून उद्धवराव उतरले, तेव्हा पांडुरंगराव म्हणाले, "खुशाल्यानं क्लच जाळला."

"मालक, मी नाही," खुशाल म्हणाला.

उद्धवरावांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा खुशालकडे. मग स्टिअरिंगवर जाऊन बसले आणि म्हणाले, "ढकल."

फाट्यापासून गाव दोन किलोमीटर. मध्ये एक नाला आहे. रस्ता दोन्ही बाजूंनी त्याच्या पुलाकडे उतरतो आणि पुढे सत्तर-ऐंशी पावलं चढतो. उतारावर गाडी आपोआप गेली, चढावर अडली. आत बापलेक बसलेले होते. खुशालने विचारलं, "मालक, चढापुरतं उतरता काय? वजन होऊन राह्यलं."

"मी उतरलो तर स्टिअरिंग कोण धरंन?" उद्धवराव म्हणाले. पांडुरंगरावांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं. तेही उतरले नाहीत.

कापूस वेचून परतणाऱ्या बायांचा घोळका तेव्हाच मागून आला. त्यात मनकर्णा होती. तिने डोक्यावरचं गाठोडं रस्त्याच्या कडेला ठेवलं, पदर खोचला आणि मुलाच्या हाताशेजारी हात लावला. बाया उभ्या राहून पाहत होत्या. आई आणि मुलाने गाडी चढवली, गावात नेली. चावडीपुढे उद्धवरावांनी किल्ली काढून घेतली आणि ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ज्याला पेडल कळत नाही त्याने मोटारीला हात लावू नये.

त्यानंतर आसपासच्या तीन जीपवाल्यांनी खुशालला परत पाठवलं. गावात त्याचं नाव क्लचजाळ्या पडलं. १९८५ मध्ये तो डेपोत गाड्या धुण्यापुसण्याच्या कामाला लागला, १९९१ मध्ये मेकॅनिक झाला. क्लच हे त्याचं खास काम. हाताखाली आलेल्या माणसाला तो पहिल्या दिवशी क्लच उघडून दाखवतो आणि प्लेट जळते ती कोणाच्या पायाने, हे आधी समजावतो. बोरगव्हाणात मात्र नाव बदललं नाही.

पाटलांनी त्या वेळी गाडीत नवी प्लेट बसवून घेतली. पहिल्या काही महिन्यांत गाडी चार-पाच वेळा बाहेर निघाली, मग उभीच राहिली. पांडुरंगरावांना उद्धवरावांनी पुन्हा स्टिअरिंगवर बसू दिलं नाही आणि किल्ली स्वतःच्या कमरेला बांधली. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा मोटारीवर जीव आहे.

बुधवारी सकाळी भैंशाहून निघताना खुशालने ठरवलं होतं की त्याला मजुरी नको. त्याला पांडुरंगरावांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, त्याच नाल्याच्या चढावर, कापूस वेचून बाया परतायच्या वेळेला.

"आता हे फाट्यावर, डांबरी सडकेवर न्या लागते," तो म्हणाला. "तिथं गिअरात टाकून झटके देईन. गल्लीत जमत नाही. क्लच सुटला नाही तर गाडी थांबत नसते. लेकरं हायत, बकऱ्या हायत."

हे निम्मं खरं होतं. झटके देण्यासाठी मोकळा सरळ रस्ता लागतोच. पण तिथवर जायला गाडी ढकलायची गरज नव्हती. पहिल्या गिअरात टाकून सेल्फ मारला असता तर चिकटलेल्या क्लचवरही ती माणसाच्या चालीने फाट्यापर्यंत रांगत गेली असती. डेपोतला कोणीही हे सांगेल. खुशालने सांगितलं नाही.

"देवाजी, धर रे मांगून," पांडुरंगराव म्हणाले.

"देवाजी नाही."

"मंग कोण?"

"तुमी."

पांडुरंगराव हसले. खुशाल हसला नाही.

"एकटा?"

"मी एकटाच होतो."

"असं करते काय खुशालभाऊ? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं काय म्हणतात ते मले इचारा ना. अकरा वर्सं ऐकून राह्यलो."

त्याने पाने पिशवीत भरायला घेतले. एक, मग दुसरा, घाई न करता. ओसरीवरच्या बाजेवर उद्धवराव बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हातात काठी. तिसरा पाना पिशवीत पडला तेव्हा ते म्हणाले, "पांडुरंग, ढकल."

ते स्वतःही उठले. मोटार आपली आहे, तिच्यासोबत आपण जाणार, असं म्हणाले. चार वाजता गाडी निघाली. ब्रेक खुशालने सकाळीच नीट करून घेतले होते. जुन्या गाडीत तो हे काम पहिलं करतो.

गावाच्या टोकाला, बुद्धविहाराच्या पलीकडे खुशालचं घर. तिथे त्याने ब्रेक लावला आणि हाक मारली, "माय!"

मनकर्णाबाई धुतलेलं पांढरं लुगडं नेसून ओट्यावर बसलेल्याच होत्या. वय त्रेसष्ट. मुलाने मागचं दार उघडलं. त्यांनी आधी गाडीच्या मागे जाऊन पांडुरंगरावांकडे नीट पाहून घेतलं, जणू खात्री करायची होती. मग आत बसल्या.

"काच खाली कर," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडची. लोकांले दिसू दे."

गाडी हलली. कडेला काठी टेकत उद्धवराव चालत होते. शंभरेक पावलांनंतर ते म्हणाले, "खुशाल, मी बसतो रे पुढं. गुडघा दुखून राह्यला."

"वजन होते, पाटील."

पूर्वी तो त्यांना मालक म्हणत असे. फरक उद्धवरावांच्या लक्षात आला असावा. ते काठी टेकत चालत राहिले.

रस्ता नाल्यापर्यंत सपाट आहे. पांडुरंगरावांनी तीन ठिकाणी थांबून दम घेतला. त्यांचा पांढरा सदरा पाठीला चिकटला होता. दुसऱ्या थांब्याला मनकर्णाबाईंनी खिडकीतून मान काढून विचारलं, "दमला काय बाप्पा? पाणी देऊ?" पाणी त्यांच्याकडे नव्हतं.

नाल्याचा उतार गाडी आपोआप उतरली. पूल ओलांडून चढाला लागली, वीसेक पावलं गेली आणि मंदावली. पांडुरंगरावांनी खांदा लावला. गाडी थांबली, मग इंचभर मागे आली. खुशालने ब्रेक दाबला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. समोरून, माथ्याकडून कापसाची गाठोडी घेऊन गावाकडे परतणाऱ्या बाया दिसत होत्या, पंधरा-वीस असतील. त्या जवळ येईपर्यंत त्याने ब्रेक दाबून धरला.

"एकट्यानं होत नाही," पांडुरंगराव म्हणाले. "देवाजीले बलावतो."

"थांबा. पहिले एक सांगा." खुशालने दार उघडून मान मागे वळवली. पाय ब्रेकवरच होता. "त्या दिवशी क्लच कोणं जाळला?"

बाया थांबल्या. एकीने गाठोडं खाली ठेवलं.

"जुनं काय उकरता आता?"

"कोणं जाळला?"

"लगन आहे घरात, खुशालभाऊ."

"ब्रेक माह्या पायाखाली आहे," खुशाल म्हणाला. "अन् तुमी मांगं उभे आहात. मी काही करून राह्यलो नाही. फकस्त इचारतो."

पांडुरंगरावांनी खाली, गाडीच्या मागच्या चाकाकडे पाहिलं. मग बाजूला सरकून कडेला उभे राहिले. तिथून त्यांना बायाही दिसत होत्या आणि वडीलही.

"मी," ते म्हणाले.

"आयकू नाही आलं बायांले."

"मी जाळला. मी चालवत होतो. खुशाल मांगं बसून होता. झालं?"

बायांमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारी, बयनाबाई, स्पष्ट बोलली, "अगं माय, अन् याले क्लचजाळ्या म्हणत होतो आपण." खुशाल ज्यासाठी आला होता ते त्याला मिळालं होतं. त्याने पाय ब्रेकवरून हलवला नाही, पण खांदे खाली आले.

तेव्हा उद्धवराव काठीवर भार देऊन म्हणाले, "एवढ्यासाठी इथवर आणलं आमाले? ते तर मले तवाच ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"यानं जाळला म्हणून. तो फाट्यावर उतरला तं त्याचा डावा पाय थरथरत होता. तुह्या पायाले काही झालं नव्हतं. काऊन त्याले किल्ली देल्ली नाही मंग इतके वर्सं?"

"अन् ढकलाले मले लावलं?"

उद्धवरावांना प्रश्न खरोखर विचित्र वाटला. "मंग काय पोराले लावू?" ते म्हणाले. "लोकं पाहत होते."

अकरा वर्षं खुशालचा राग एका खोटं बोलणाऱ्या माणसावर होता. बापाला फसवलं गेलं, असं तो धरून चालला होता. डेपोत कधी विषय निघाला तर तो म्हणे, म्हातारा कडक होता पण त्याला काय माहीत. आता त्याने हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाखाली दगड लावला, किल्ली काढून खिशात घातली आणि गाडीतून उतरला. पाटलांपेक्षा तो वीतभर उंच आहे.

"पाटील, चढाले दोन माणसं लागतात. त्या दिवशी दोन लागले होते."

"देवाजीले..."

"देवाजी नाही. तुमी."

"मी? या वयात?"

"सहाची बस आहे माही. ते गेली की मी गेलो. गाडी इथंच राहीन. परवा नवरदेव पुलावरून बसवा."

बायांपैकी दोघी पुढे आल्या. पदर खोचत होत्या. मनकर्णाबाई गाडीतून ओरडल्या, "कोणी हात लावाचा नाही! माह्या वक्ती कोणी लावला होता?" दोघी जागच्या जागी थांबल्या.

पांडुरंगराव म्हणाले, "बाबा, राहू द्या. बैल जुंपून नेऊ. जीप भाड्यानं घेऊ लग्नाले."

"शब्द देल्ला मी," उद्धवराव म्हणाले. हा शब्द व्याह्यांना दिलेला होता. त्यांना काठी कुठे ठेवावी कळेना. मनकर्णाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यांच्या हातून ती घेतली.

"लावा हात," त्या म्हणाल्या. "तिथं, डावीकडं. मी तिथंच लावला होता."

खुशाल पुन्हा स्टिअरिंगवर बसला. बापलेकांनी खांदे लावले. गाडी हातभर सरकली की तो ब्रेक दाबी, ते दम घेत, पुन्हा हातभर. चढाचा राहिलेला भाग पार करायला बावीस मिनिटं लागली. उद्धवरावांच्या हाताने गाडीला किती जोर मिळाला हे सांगता येत नाही. हात शेवटपर्यंत तिथे होता. बाया गावाकडे निघून गेल्या नाहीत, माघारी वळल्या. गाडीच्या मागे, पाटलांच्या मागे, गाठोडी डोक्यावर घेऊन त्या त्याच चालीने येत होत्या. कोणी हसलं नाही. एकदाच खालून आवाज आला, "वाईच जोर लावा जी, सूर्य मावळून राह्यला."

माथ्यावर मनकर्णाबाई उतरल्या. त्यांनी काठी फेकली नाही आणि पाटलांच्या हातातही दिली नाही. डिकीला टेकवून ठेवली आणि पुन्हा गाडीत जाऊन बसल्या.

माथ्यापुढचा फाट्यापर्यंतचा सपाट रस्ता पांडुरंगरावांनी एकट्याने ढकलत संपवला. फाट्यावरचं काम सहा मिनिटांचं होतं. डांबरी रस्ता दोन्हीकडे मोकळा पाहून खुशालने दुसरा गिअर टाकला, क्लचचं पेडल तळाला दाबलं आणि सेल्फ मारला. गाडीने उडी घेतली, इंजिन पकडलं, चाकं इंजिनसोबत फिरू लागली. पेडल दाबलेलंच ठेवून त्याने अॅक्सिलरेटर एकदम दिला, एकदम सोडला, ब्रेकवर पाय आपटला. गाडी पुढे-मागे हिसकत गेली. मनकर्णाबाईंनी पुढची सीट दोन्ही हातांनी धरली होती. चौथ्या झटक्याला खालून खट् असा कोरडा आवाज आला आणि इंजिन मोकळं गुणगुणू लागलं. गाडी आपल्या वेगाने तशीच घरंगळत राहिली. प्लेट सुटली होती. मैलाच्या दगडापर्यंत जाऊन त्याने चारही गिअर चढते आणि उतरते टाकून पाहिले. एकदाही करकर झाली नाही. मग गाडी वळवून फाट्यावर आणली, बंद केली आणि किल्ली बॉनेटवर ठेवली.

उद्धवराव मैलाच्या दगडाच्या दिशेने तोंड करून कडेच्या दगडावर बसले होते. पांडुरंगरावांनी किल्लीकडे पाहिलं, घेतली नाही.

"खुशाल," उद्धवराव म्हणाले, "झालं ना तुह्या मनासारखं?"

"नाही," खुशाल म्हणाला. "मी याच्यासाठी, तुमच्या पोरासाठी आलतो. तुमच्यासाठी नव्हतो आलो. तुमचं मले ठाऊकच नव्हतं."

"आता काय पाह्यजे?"

खुशालने विचार केला. "काही नाही. गावात तुमीच सांगा. ठाऊक होतं म्हणून. चावडीपुढं. नाही सांगतलं तरी चालते, बाया सांगतीन."

बाया तोवर गावाच्या वाटेला लागल्या होत्या. त्या घरी पोहोचायच्या आधी गोष्ट पोहोचणार होती, हे तिथे उभ्या असलेल्या चौघांनाही माहीत होतं.

"घरापर्यंत तरी सोड गाडी," पांडुरंगराव म्हणाले. "बाबांच्यानं आता पायी चालवत नाही."

"मी डायवर नाही."

"शुक्रवारी फकस्त. नवरदेवाची गाडी तूच ने. तुह्याशिवाय ही गाडी कोणाले ऐकत नाही. वाटलं तं आहेर देऊ, मानाचं बसवू मंडपात. मनकर्णाबाईलेही."

"मानाचं कोणत्या रांगेत?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

उद्धवरावांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. त्यांनाही हे उत्तर ऐकायचं असावं.

भैंशाकडून बसचे दिवे दिसले. ही बस माय-लेकाच्या उलट दिशेने जाणारी होती, त्यांची अजून दहा मिनिटांनी होती. खुशालने पिशवी खांद्याला लावली आणि आईला रस्त्याच्या पलीकडे नेलं. आई आजची रात्र भैंशाला त्याच्या खोलीवर राहणार होती.

"खुशालभाऊ, शुक्रवारचं काय?" पांडुरंगरावांनी रस्त्याच्या अलीकडून विचारलं.

"ड्यूटी आहे."

"उद्याची सुटी टाक अन् परवाची. डेपोवाल्याले मी सांगतो."

माय-लेकाची बस आली, दोघं बसले, बस गेली. अँबॅसिडर फाट्यावरच उभी होती. पांडुरंगराव दार उघडून स्टिअरिंगवर बसले होते. उद्धवराव खालीच होते.

भैंसा डेपोच्या फळ्यावर पाळ्या तेलुगूत खडूने लिहिल्या जातात. गुरुवार, १५ डिसेंबर आणि शुक्रवार, १६ डिसेंबरच्या सकाळच्या पाळीत तिसरं नाव खुशाल मुनेश्वरचं आहे. हजेरी पाच वाजता. बासरची पहिली गाडी पाच चाळीसला सुटते, आणि तिच्या तपासणीच्या कागदावर सही त्याची लागते.